नाव इलिनॉय, गाव कुठलं?

आधी मनगटावरचं ते काळं चौकोनी यंत्र काढून ठेवा. जिथे निघालोय तिथे त्याला चार्जिंग मिळणार नाही, आणि ते पाहून पोरं मागे लागतील ते वेगळंच. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळा. खिशात एक कांदा असू द्या, ऊन लागू नये म्हणून. झालं? चला.

भंडारा. साल १९२९, महिना मे. गल्लीत पाऊल टाकलंत की झळ दोन्हीकडून येते, वरून उन्हाची आणि बाजूने भट्ट्यांची. ही पितळेची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली. मुशीत पितळ उकळतंय आणि त्याचा पांढरट धूर घशात गोडसर होऊन बसतो. हातोड्यांचा दणदणाट इतका, की शेजारच्याला काही विचारायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. एका दारात पाण्याचा गुंड घडतोय. दुसऱ्या दारात एक पोरगी गडव्याला चिंचेचा कोळ लावून घासतेय आणि तिचे हात कोपरापर्यंत काळे झालेत. लग्नसराई आहे, म्हणून गर्दी. गल्लीच्या तोंडाशी रेंग्या सोडल्यात, बैल माना टाकून उभे आहेत, आणि वैनगंगेच्या रेतीतल्या डांगरवाड्यांवरून आलेल्या टोपल्यांवर माश्या घोंघावतात. तुमच्या पुढची बाई गंज उलटा करते, टिचकी मारते, कान देते, मग भावाला हात घालते.

पायरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बघा. मांडीत नवा गुंड, हातात छिन्नी. "कोनाचं नाव घालाचं जी?" मामा नाव सांगतो, भाचीचं सांगतो, तिथी सांगतो. टक, टक, टक. ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटत जातात. देणाऱ्याचं नाव आलं, घेणारीचं आलं. ज्याने हा गुंड घडवला, ज्याच्या मनगटावर भट्टीचे डाग आहेत, त्याचं नाव मात्र कुठेच पडलं नाही. तो शेजारीच उभा राहून घाम पुसतोय. त्याला त्याचं काही नाही. गिऱ्हाईक बुडाचे ठोके पाहून ओळखतं, भांडं कोणाच्या हातचं ते.

आता कुणाला तरी वेळ विचारा. विचाराच. लोक वर पाहतील, मग खाली आपल्या सावलीकडे पाहतील. मनगट कुणी पाहणार नाही, तिथे काही नाहीच. घड्याळ असलंच तर एखाद्या वकिलाच्या कोटात, साखळीला बांधलेलं, नाहीतर कचेरीत, किंवा तीन कोसांवर वरठीला, भंडारा रोडच्या स्टेशन मास्तरकडे. गाडी चुकू नये म्हणून माणसं भल्या पहाटे रेंगी जुंपतात आणि फलाटावर शिदोरी सोडून बसतात. अर्धा दिवस गेला तरी कुणाचं काही गेलं असं वाटत नाही. कचेरीत शिपायाने तास द्यायला घेतलाय. ऐका, बारा टोले. शेवटचा टोला विरायच्या आत डोळे मिटा.

थंडी वाजतेय ना? दुपट्टा खांद्यावर घ्या. भंडाऱ्यात भर दुपार आहे त्याच क्षणी इथे रात्रीचे साडेबारा झालेत. राज्य इलिनॉय, गाव स्प्रिंगफील्ड, देश अमेरिका. पायाखाली दव पडलेलं गवत आहे, लांब कुठे तरी मालगाडी डबे आपटतेय, आणि समोर एक छोटी वेधशाळा. देऊळ समजून चपला काढू नका. ही घड्याळाच्या कारखान्याची वेधशाळा आहे.

आत अंधार आहे, चाचपडत या. दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण रेषेत वरखाली होते, इकडेतिकडे वळतच नाही. तिच्या भिंगात बारीक उभ्या तारा ताणल्यात. तुम्ही डोळा लावा. एक तारा कडेने आत येतो, थरथरत सरकतो, तारेला टेकतो, ओलांडतो. त्याच क्षणाची नोंद होते आणि त्यावरून कारखान्याचं मुख्य घड्याळ तपासलं जातं. म्हणजे वेळ आकाशालाच विचारायची, ही रीत भंडाऱ्याचीच. फक्त इथल्या लोकांना उत्तर सेकंदाच्या तुकड्यात हवंय.

सकाळी भोंगा वाजला की बाजूला व्हा, नाहीतर रेटले जाल. शेकडो माणसं फाटकातून आत शिरतात. निम्म्या तर बाया, कानापर्यंत कापलेले केस, गुडघ्याशी संपणारे झगे, हातात जेवणाचे डबे. या मुलखात जमिनीखाली कोळसाच कोळसा, त्यामुळे हवेत त्याचा वास आहे आणि तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर एव्हाना काळे ठिपके पडले असतील. झटकू नका, पसरतील.

आत शिरल्यावर मात्र नाकाला तेल आणि बेंझिन लागतं. छतालगत पोलादी दांडे फिरताहेत, त्यांवरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांपर्यंत उतरलेत आणि त्यांची सततची फटफट चालू आहे. खिडक्या भिंतीएवढ्या, कारण इथलं काम डोळ्यांचं आहे. हळू श्वास घ्या. त्या बाईसमोर जी धूळ दिसतेय ती धूळ नाही, स्क्रू आहेत. शिंपिणीच्या अंगुस्तानात हजारोंनी मावतील असे स्क्रू. तुम्ही शिंकलात तर तिचा सकाळभराचा हिशेब उडाला. पलीकडची केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून तिचं टोक वाकवतेय. ती मान वर करत नाही. तुम्ही भंडाऱ्याहून आलात काय आणि चंद्रावरून आलात काय, तिला जेवणाच्या सुट्टीआधी ट्रे भरायचा आहे.

पुढच्या खोलीत घड्याळांची परीक्षा चाललीय. उताणी ठेवून, पालथी ठेवून, कडेवर उभी करून. रेल्वेवाल्यांसाठी बनणारं 'बन स्पेशल' तर सहा वेगवेगळ्या स्थितींत तपासतात. मग त्यांना बर्फाच्या पेटीत घालतात, आणि नंतर उष्ण पेटीत. फोरमन मोठ्या अभिमानाने त्या उष्ण पेटीचं दार उघडून दाखवतो. हात घालून बघा. पस्तीस-अडतीस अंश. हसू नका, पाहुण्यासारखं वागा. एवढ्यात तर आपल्याकडे मे महिन्यात लोक म्हणतात, आज जरा बरं आहे.

आता आपण ज्यासाठी आलो ते. त्या ट्रेमधलं मनगटी घड्याळ उचला. खिशातल्या घड्याळाला मनगटावर येऊन फार दिवस झालेले नाहीत, म्हणून कारखाना हौसेत आहे. आकार बघा: चौकोनी, पिंपाच्या पोटाचे, टोकं कापलेले, कडेला नक्षी कोरलेले. नावं तर विचारूच नका. पिकॅडिली, रिट्झ, मार्क्विस, कॉन्सल, चीफटन, व्हायकिंग, आणि एक चक्क समुद्री चाच्यांच्या झेंड्यावरून, जॉली रॉजर. काहींत सेकंदाची छोटी तबकडी खाली सहापाशी नसून डावीकडे नवापाशी आहे. ओंजळीत अंधार करून आत डोकवा. आकडे हिरवट चमकतात, ती रेडियमच्या रंगाची करामत. बोट लावा, पण ओठांना लावू नका. याच राज्यात ओटावा गावी घड्याळांचे आकडे रंगवणाऱ्या पोरी ब्रशचं टोक ओठांनी सारखं करतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींचे जबडे आणि हाडं कुजायला लागलीत.

पाठीमागचं झाकण काढा आणि हे भिंग डोळ्याला लावा. निकेलच्या पाट्यांवर नागमोडी पट्टे ओढलेत. उजेडात घड्याळ जरा तिरकं केलंत की ते पट्टे सरकतात. सतरा लाल खडे आपापल्या कोंदणात बसलेत, बहुतेकांवर एकेका आसाचं टोक फिरतंय. कडेला स्क्रूंची माळ घातलेलं चक्र सेकंदाला पाच वेळा इकडून तिकडे झोके घेतंय आणि त्याच्या पोटात ती निळी स्प्रिंग श्वास घेतल्यागत फुगते, आवळते. कडेने कोरलंय: इलिनॉय वॉच कंपनी, स्प्रिंगफील्ड. त्याखाली क्रमांक, पन्नास लाखांच्या पुढचा. कुणी घालणार नाही, कुणी पाहणार नाही अशा जागी ही सगळी नक्षी. ती कोणी केली, त्या बाईचं नाव इथेही नाही, पण निदान तिच्या गावाचं आहे.

भूक लागली असेल. गावात लीलँड हॉटेलात गेल्याच वर्षी एक नवा पदार्थ निघालाय, घोड्याच्या नालेचं सँडविच. पावाचे भाजलेले तुकडे, त्यावर डुकराच्या मांडीचा काप, वर चीजचा ओघळता रस्सा आणि बटाट्याचे तळलेले तुकडे. चालत असेल तर घ्या. बिअर मागू नका, देशात दारूबंदी आहे. शेजारच्या टेबलावर लोक लिंकनबद्दल बोलताहेत. या गावात सगळेच लिंकनबद्दल बोलतात, हे त्याचं गाव. घड्याळ कंपनीचे पहिले अध्यक्ष जॉन टॉड स्टुअर्ट हे लिंकनचे वकिलीतले भागीदार होते. पुढे जेकब बन यांच्या घराण्याने हा कारखाना पन्नास वर्षं चालवला. आणि मग, जेवता जेवता एक जण आवाज खाली करून सांगतो, विकला.

हो, तुम्ही सकाळी पाहिलेला कारखाना तेव्हाच विकला गेलेला होता. १९२८ उजाडता उजाडता पेनसिल्व्हेनियातल्या हॅमिल्टन कंपनीने तो पन्नास लाख डॉलर्सहून जास्त मोजून घेतला. रेल्वेच्या घड्याळांत त्यांचा हा तगडा स्पर्धक. तुम्हाला कळलं होतं का काही? भोंगा तोच, बाक तेच, चिमटे तेच. मालक बदलला तो कागदावर आणि कागद हजार-बाराशे किलोमीटर लांब. जमिनीवर सगळं तसंच चालू राहतं. काही दिवस.

डोळे मिटा आणि लगेच उघडा. १९३२. तेच फाटक. मंदीने सगळ्या देशाचं कंबरडं मोडलंय. ज्याला पोटाची चिंता तो घड्याळ कशाला घेईल? भोंगा वाजत नाही. भिंतीएवढ्या खिडक्यांवर धूळ बसलीय. कोपऱ्यावरचे पुरुष हात खिशात घालून उभे आहेत आणि तुमच्याकडे बघत नाहीत, कारण कुणाकडेच बघायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. त्या स्प्रिंगवालीला शोधू नका. चिमट्यात केस धरणारी बोटं, आणि या गावात दुसरा घड्याळाचा कारखाना नाही. उरलेलं काम लँकेस्टरला गेलं. आपणही जाऊ.

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया. १९३० चं दशक संपत आलंय. सकाळी सकाळी तुम्हाला मी लाल विटांच्या त्या मोठ्या बाजारात उतरवतो, म्हणजे नाकाला जरा बरं वाटेल. धुरी दिलेलं मांस, चीज, ताजा पाव, मातीसकट आलेली सेलरी. काळ्या कोटाचे, दाढीवाले आमिश शेतकरी घोडागाड्या बाहेर बांधून आत आलेत आणि जर्मन वळणाच्या बोलीत भाव सांगताहेत. घासाघीस करायला जाऊ नका, आपल्या बाईसारखी टिचकी मारून चालणार नाही इथे.

हॅमिल्टनचा कारखाना गावातच आहे. आतले वास ओळखीचे, तेल आणि बेंझिन. चिमटे धरलेल्या बाया ओळखीच्या नाहीत. ट्रेमधलं घड्याळ उचला. तबकडीवर नाव: इलिनॉय. तुम्ही भिंग लावाल आणि गोंधळाल, कारण इलिनॉय राज्य इथून पार तिकडे राहिलं. हे घड्याळ लँकेस्टरात जन्मलं, लँकेस्टरच्या हातांनी जुळलं, नाव फक्त विकत घेतलेल्या पेटीतून काढून लावलं. संग्राहक त्याला पुढे हॅमिल्टन-इलिनॉय म्हणतील. थोडीच वर्षं हा खेळ चालला, घड्याळं थोडीच निघाली, म्हणून आज ती शोधणारे लोक जुन्या पेट्या उपसत बसतात. आत्ता मात्र ती ट्रेमध्ये पडलीत आणि तुमच्या शेजारचा कामगार त्यातलं एक बिनदिक्कत टेबलावर सरकवून आपला डबा उघडतोय.

माझ्यावर चिडू नका, अजून एक उडी. १९५० नंतरची काही वर्षं, कुठल्याही अमेरिकन गावातलं जवाहिऱ्याचं दुकान. पंखा फिरतोय, काचेला सेंट लावलेल्या बायकांच्या कोपरांचे ठसे पडलेत, रेडिओवर बेसबॉल चालू आहे. स्वस्तातली स्विस घड्याळं बाजारात लोटलीत आणि हॅमिल्टनलाही त्यात हात घालायचाय. पण अमेरिकेत बनवतो म्हणून मिरवलेलं स्वतःचं नाव त्यांवर कसं लावायचं? मग आठवलं, फडताळात एक नाव पडलंय. काउंटरवरचं ते चकचकीत घड्याळ बघा. तबकडीवर इलिनॉय. किंमत खिशाला परवडणारी. घ्या विकत. घ्या हो, पुढच्या मुक्कामी लागेल. चावी द्या, मनगटावर बांधा.

आणि आता परत भंडारा. १९७० च्या आसपास, पुन्हा मे, पुन्हा लग्नसराई, मला दुसरा महिना सापडत नाही. गांधी चौकात सायकलींची घंटी वाजतेय, उसाच्या रसाच्या घाण्याचे घुंगरू वाजताहेत, आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणीची पाळी सुटल्याने रस्ता माणसांनी भरलाय. आता मनगटं बघा. जवळजवळ प्रत्येक कामगाराच्या हातावर घड्याळ आहे. पाळी मिनिटावर चालते ना. नवरदेवाला सासऱ्याकडून घड्याळ यायलाच पाहिजे, आणि ते एचएमटीच पाहिजे, त्यावरून मांडवात रुसवेही होतात.

पानठेल्याला लागून एक टपरी आहे. आत जेमतेम एक माणूस मावतो, तो घड्याळजी. डोळ्याला काळं भिंग, वाटीत पेट्रोल, काचेच्या टोपणांखाली उघडी पडलेली घड्याळं. कुणाचं जनता, कुणाचं वेस्ट एंड, कुणाचं हेन्री सँडोज. पेट्रोलचा वास आणि शेजारच्या पानाचा कात, दोन्ही मिळून डोकं जरा गरगरतं. फळीला टेकून उभे राहा, तुमच्या मागे चार जण आहेत आणि पाचवा तुमच्या खांद्यावरून डोकावतोय.

तुमचं घड्याळ त्याच्यापुढे ठेवा. तो आधी डायल वाचतच नाही. कानाशी लावतो, तोंडाने हवा मारतो, सुरीचं टोक खाचेत घालून झाकण उडवतो. मग भिंगातून बघत बसतो. मागचे चार जण गप्प होतात.

"कोठची घडी हाय जी ही?"

तुम्ही ताठ होऊन सांगता, अमेरिकेची.

"नाव असन अमेरिकेचं. मशीन स्विसची हाय. हे पहा, लिहूनच हाय इथं." त्याने चिमट्याचं टोक टेकवलेल्या जागी बारीक अक्षरांत तसं कोरलेलंही आहे. तुमचा चेहरा पडलेला बघून तो समजूत घालतो. "त्यात काय वाईट हाय? हे एचएमटी पहा. नाव बंगलोरचं, अक्कल जपानच्या सिटिझनची. चालते ना मस्त. मशीन चांगली पाह्यजे, नाव कोनाचंबी राहो."

त्याला अजून ठाऊक नाही, तुम्हाला सांगून ठेवतो. चार-पाच वर्षांत, १९७४ मध्ये, हॅमिल्टनचं नावही एक स्विस समूह विकत घेईल. ज्याने दुसऱ्याचं नाव फडताळात ठेवलं होतं, त्याचंच नाव मग दुसऱ्याच्या फडताळात. ते आजही घड्याळांवर आहे, चांगल्या घड्याळांवर आहे, आणि ती घड्याळं लँकेस्टरात बनत नाहीत.

घड्याळजीने एव्हाना तेलाचा थेंब सोडलाय, झाकण दाबलंय, काच सदऱ्याला पुसून घड्याळ तुमच्या हातात दिलंय. "ऑइलिंगचे दोन रुपये."

तुम्ही खिशात हात घालता. कांदा. मग पाकीट. पाकिटातली सगळ्यात लहान नोट पुढे करता, तो ती घेत नाही. हातातल्या हातात फिरवतो, उजेडावर धरतो, आणि मग खरंच भिंग लावतो. गांधीजी ओळखतो. नोटेचा रंग बघून भुवया उंचावतो. शेवटी बोट जातं ते सहीवर. मागचे चौघे आता पुढे झुकलेत, पाचव्याने सायकल स्टँडला लावलीय.

"हा गव्हर्नर कोन जी? नाव तं कधी आयकलं नाही."

आता ती नोट पालथी करून दाखवायची सोय नाही, आत कुठलं यंत्र चालतंय ते. तेव्हा घड्याळ बांधा मनगटावर आणि निघा. गर्दी वाढायच्या आत.